नाशिक–सोलापूर–अक्कलकोट महामार्ग बीओटीवर: टोल कुणाच्या खात्यात, जोखीम कुणाच्या डोक्यावर?

भुईकोट (धागाकर्ता)

३१ डिसेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक–सोलापूर–अक्कलकोट या ३७४ किमीच्या सहापदरी नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च १९,१४२ कोटी. पद्धत: बीओटी (टोल), म्हणजे कंपनी रस्ता बांधते आणि ठराविक वर्षे टोल घेते. बातमी आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तट पडले. एक म्हणतो सरकारचा पैसाच लागत नाही, फुकटात रस्ता. दुसरा म्हणतो नातवंडांपर्यंत टोल भरत बसा. दोन्हीकडे आवाज जास्त आणि कागद कमी.

खरं तर या चर्चेला सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही. शहरातून कोणत्या दिशेला गाडी काढता त्यावर पैशाची वाट बदलते. पुण्याकडे गेलात तर यवतपासून सोलापूरपर्यंत दोन वेगळ्या बीओटी कंपन्यांचे टप्पे: पहिल्यात पाटस आणि सरडेवाडी, दुसऱ्यात वरवडे आणि सावळेश्वर. तुळजापूर–येडशीकडे गेलात तर तोही बीओटी, तामलवाडी आणि येडशी नाके. अक्कलकोटकडे किंवा मंगळवेढा–सांगलीकडे निघालात तर रस्ता हायब्रीड अ‍ॅन्युइटीचा, म्हणजे हॅम, ज्यात कंपनीला पैसे सरकार हप्त्यांनी देतं. काचेवर फास्टॅग तोच, मोबाईलवर मेसेज तसाच, पण पैसे वेगळ्याच ठिकाणी जातात.

हैदराबाद आणि विजापूर रस्ते इथे घेत नाही, नाहीतर धागा कर्नाटकात जाईल. करारनामे वाचलेली मंडळी इथे आहेत, त्यांनी नीट मांडावं. मंत्री, पक्ष, कोण किती खातो हे दुसऱ्या धाग्यावर.

---

शेंगाचटणी

जागा धरून ठेवतो. माझा एकच प्रश्न हाय मालक: रस्त्याचा खर्च वसूल झाला की टोल बंद का होत नाय?

---

आकडेमोड

शेंगाचटणी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पद्धतीगणिक वेगळं आहे, म्हणून आधी बीओटी.

बांधा, वापरा, हस्तांतरित करा. बोली जिंकणारी कंपनी त्या रस्त्यापुरती एक स्वतंत्र कंपनी काढते. करार तिच्याशी होतो, कर्ज तिच्या नावावर असतं, टोल तिच्या खात्यात जातो. आपल्या बांधकाम खात्याच्या कागदात अशा कंपनीला 'उद्योजक' म्हणतात. पैशाची ढोबळ विभागणी ७० टक्के बँकांचं कर्ज, ३० टक्के स्वतःचं भांडवल. कराराची मुदत आधीच ठरलेली असते. म्हणजे 'खर्च वसूल होईपर्यंत' असा करारच नसतो. 'अमुक वर्षे टोल तुझा, नफा झाला तर तुझा, बुडालास तरी तुझं तू बघ' असा असतो. वसुली बांधकाम खर्चाच्या आकड्याला टेकली म्हणून टोल बंद होत नाही, आणि वसुली कमी पडली म्हणून सरकार तूट भरून देत नाही. मधल्या काळातलं व्याज, देखभाल, दर पाचसात वर्षांनी येणारा डांबराचा नवा थर, हे सगळं त्याच टोलमधून जातं.

आता 'सरकारचा पैसा लागत नाही' या तटासाठी. जमीन सरकारच घेते. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ खाली संपादन होतं आणि मोबदला एनएचएआय, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, देते. शिवाय नुसत्या टोलवर रस्ता परवडत नसेल तर व्यवहार्यता तूट निधी, म्हणजे व्हीजीएफ, द्यावा लागतो. त्याची मर्यादा प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के. बोली याच आकड्यावर लागते: जो कमीत कमी अनुदान मागेल त्याला काम. रस्ता दुभता असेल तर उलटं होतं, कंपनीच सरकारला दरवर्षी प्रीमियम देते. तुळजापूर–येडशीच्या टप्प्याला अनुदान द्यावं लागलं होतं, आणि तो काही ओसाड रस्ता नाही.

सगळा खेळ वाहनसंख्येच्या अंदाजावर चालतो. आज दिवसाला १०,००० वाहने आहेत असं धरा. दरवर्षी ५ टक्के वाढ मानली तर वीस वर्षांनी २६,५३३. वाढ ३ टक्केच झाली तर १८,०६१. दोन टक्क्यांच्या फरकाने शेवटच्या वर्षाचा गल्ला जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. बँकेचा हप्ता मात्र तेवढाच.

यावर करारात एक तोडगा आहे आणि तो फार कमी लोक वाचतात. एक लक्ष्य तारीख आणि त्या तारखेची लक्ष्य वाहतूक ठरलेली असते, वार्षिक ५ टक्के वाढ गृहीत धरून. प्रत्यक्ष वाहतूक लक्ष्यापेक्षा जितके टक्के कमी, त्याच्या दीडपट टक्के मुदत वाढते, जास्तीत जास्त २० टक्के. जितके टक्के जास्त, त्याच्या पाऊणपट मुदत घटते, जास्तीत जास्त १० टक्के. उदाहरण: मुदत २० वर्षे, लक्ष्य ३०,०००. प्रत्यक्षात २४,००० भरली, म्हणजे २० टक्के कमी. दीडपट ३० होतात, पण मर्यादा २० टक्के. मुदत २४ वर्षे. आता ३६,००० भरली असं धरा. २० टक्के जास्त, पाऊणपट १५, मर्यादा १०. मुदत १८ वर्षे. चूक दोन्हीकडे सारखीच, पण एका बाजूला चार वर्षे मिळतात आणि दुसऱ्या बाजूला दोनच जातात. हा कल कंपनीकडे झुकलेला आहे, यात मला तरी शंका नाही. तो तसा नसता तर बँकांनी कर्ज दिलं नसतं, असं दुसरी बाजू म्हणते, आणि त्यातही तथ्य आहे.

हॅमवर नंतर लिहितो.

---

शेंगाचटणी

आन् मुदत संपल्यावर? तवा तरी बंद होतोय का?

---

पथकरनामा

नाही. मुदत संपली की रस्ता सरकारकडे येतो आणि टोल सरकार घेतं. २००८ च्या फी नियमांत आधी तरतूद होती की मुदतीनंतर, किंवा सरकारी पैशाच्या रस्त्याचा भांडवली खर्च निघाल्यानंतर, दर ४० टक्क्यांवर यावा. २०२३ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. त्यामुळे 'नातवंडांपर्यंत टोल' हा तट राष्ट्रीय महामार्गांपुरता खोटा नाही. फक्त तेव्हा तो कंपनीचा नसेल.

दर कंपनी ठरवते हा मात्र गैरसमज. कंपनी कोणतीही असो, दर २००८ च्या नियमांतूनच निघतो. २००७-०८ चे चौपदरी रस्त्याचे मूळ दर, प्रति किमी: कार-जीप ०.६५ रुपये, हलकं व्यापारी वाहन किंवा मिनीबस १.०५, बस किंवा दोन आसांचा (अ‍ॅक्सलचा) ट्रक २.२०, चार ते सहा आस ३.४५, सात किंवा जास्त आस ४.२०. तीन आसांच्या गाडीला नंतर वेगळा २.४० चा दर आला. पक्क्या बाजूपट्ट्यांचा दुपदरी रस्ता असेल तर याच्या ६० टक्के. राष्ट्रीय द्रुतगती मार्ग म्हणून घोषित झाला तर सव्वापट. मोठे पूल आणि बोगदे यांचा हिशेब वेगळा.

वाढ दर १ एप्रिलला, दोन पायऱ्यांनी. पहिली, मूळ दरावर वर्षाला ३ टक्के, सरळव्याजाने. २००८ पासून २०२५ पर्यंत १८ वाढी म्हणजे ५४ टक्के. चक्रवाढ असती तर ७० झाले असते. दुसरी, घाऊक किंमत निर्देशांक जानेवारी २००७ च्या तुलनेत जितका वाढला त्याच्या ४० टक्के.

सोयीसाठी निर्देशांक बरोब्बर दुप्पट झाला असं मानू. कारचा दर ०.६५ × १.५४ × १.४० = १.४०१ रुपये प्रति किमी. नाक्याच्या वाट्याला ५५ किमी असतील तर ७७.०८. जवळच्या पाचाच्या पटीत आणायचं, म्हणून ७५. दोन आसांचा ट्रक: २.२० × १.५४ × १.४० × ५५ = २६०.८८, पावती २६० ची. निर्देशांकाचा खरा आकडा घाला, नाक्याच्या अधिसूचनेतली लांबी घाला, फलकावरचा दर यायला पाहिजे. नाही आला तर बहुतेक वेळा घोळ लांबीत असतो. लांबी म्हणजे त्या नाक्याला राजपत्रात नेमून दिलेले किलोमीटर. तुम्ही गाडी किती चालवली याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून मोहोळहून सोलापूरला येणारा आणि टेंभुर्णीहून येणारा सावळेश्वरला सारखेच पैसे देतात.

कमी अंतर जाणाऱ्यावर हा अन्याय आहेच. प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर चढता-उतरताना नोंद करून अंतराइतका टोल घेता येतो. नव्या मार्गाबद्दल मला सगळ्यात जास्त उत्सुकता याची आहे, पदर किती याची नाही.

---

डांबरगोळी

पैशाचं झालं, आता ज्याच्यावर तो खर्च होतो त्याचं बघू.

सोलापूर जिल्ह्यात रस्त्याचा खरा शत्रू काळी माती. पाणी लागलं की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुक्त फुगवटा निर्देशांक, म्हणजे पाण्यात माती किती फुगते याचं माप, ५० टक्क्यांच्या वर असेल तर ती माती भरावात वापरायचीच नाही, असा मंत्रालयाच्या विनिर्देशाचा दंडक आहे. ती काढून मुरूम आणावा लागतो, नाहीतर चुन्याने स्थिर करावी लागते. मुरमाची खाण दूर असली की इथेच खर्च वाढतो, आणि बचत करण्याचा मोहही इथेच होतो. ही बचत तीन वर्षे कुणालाच दिसत नाही. मग एप्रिल-मेमध्ये कडेपासून मीटर-दीड मीटरवर रस्त्याला समांतर लांब भेग पडते. जूनचा पहिला पाऊस त्या भेगेतून आत जातो आणि कडेची पट्टी खचायला लागते. वरून डांबर ओतून भेग बुजवणं म्हणजे मोडलेल्या हाडावर मलम.

दुसरा शत्रू आसभार. जुलै २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला १२.७ टक्के. रस्त्याची झीज मात्र भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. १.१२७ चा चौथा घात १.६ च्या वर जातो. म्हणजे कायद्यात राहून पूर्ण भरलेला आस पूर्वीपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त झीज करतो. त्याआधी झालेल्या करारांतला रस्ता जुन्या भारासाठी आखलेला होता. यावर कंपन्या आणि सरकार यांच्यात दावे होणं साहजिक आहे.

करारातल्या देखभालीच्या परिशिष्टात मोजमापं स्पष्ट आहेत. एक किमीत खडबडीतपणा २,७५० मिमीच्या वर गेला तर १८० दिवसांत दुरुस्ती. पृष्ठभागाच्या ५ टक्क्यांहून जास्त भागात भेगा, ३० दिवस. चाकोरी, म्हणजे चाकांच्या वाटेवर पडलेला लांब खोलगट पट्टा, १० मिमीपेक्षा खोल आणि २ टक्क्यांहून जास्त भागात, ३० दिवस. रस्त्यावर पडलेला अडथळा ६ तासांत हलवायचा.

चाकोरी मोजायला यंत्र लागत नाही. तीन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रस्त्यावर आडवी टाकायची, दोन्ही टोकं चाकोरीच्या बाहेर टेकली पाहिजेत. मधल्या फटीत खुणा केलेली पाचर सरकवायची. अडकेल तिथला आकडा वाचायचा आणि खडूने रस्त्यावरच लिहायचा. नऊ असेल तर कंपनीचं काहीच देणं नाही. अकरा असेल आणि अशा जागा भरपूर असतील तर तिसाव्या दिवसानंतर दंडाचं मीटर चालू: रोजच्या सरासरी टोलच्या ०.५ टक्के किंवा दुरुस्ती खर्चाच्या ०.१ टक्के, जे जास्त ते, दर दिवसाला. ट्रकच्या मार्गिकेत पट्टी टाका, कारच्या नको. आणि भरलेल्या गाड्या ज्या दिशेने जातात त्या बाजूला टाका, रिकाम्या परततात तिकडे काही सापडणार नाही.

बिघडतं कुठे? मोजमाप स्वतंत्र अभियंत्याने, म्हणजे करारावर देखरेख करणाऱ्या तिसऱ्या पक्षाने, करायचं असतं, पण ते झालं का आणि कधी, हे विचारतंच कोण. आपण खड्ड्याचा फोटो टाकतो. 'अमुक किमी, डावी बाजू, चाकोरीचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा' असं एका ओळीत लेखी विचारलं तर टोलवाटोलवी करणं अवघड जातं.

---

पार्क_चौक

डांबरगोळी, दंडवत. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

रांग १०० मीटरच्या पिवळ्या पट्टीपलीकडे गेली की टोल माफ, हे नाक्यावर वाद घालताना वापरता येतं ना?

---

पथकरनामा

वापरू नका, तोंडघशी पडाल. मे २०२१ च्या एनएचएआयच्या सूचनेत ते होतं, २०२४ मध्ये मागे घेतलं. फॉरवर्ड अजून फिरतोय.

चालणारा मुद्दा दुसरा आहे. तुमचा फास्टॅग वैध आहे, शिल्लक आहे आणि नाक्याचंच यंत्र बंद आहे, तर शून्य रुपयांची पावती घेऊन विनाशुल्क जाता येतं. ही २०१८ ची अधिसूचना आहे. २०२५ च्या नियमाप्रमाणे टॅगच नसेल किंवा काळ्या यादीत असेल तर रोखीत दुप्पट. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने दिलं तर सव्वापट.

रस्ताच तुंबला असेल तर काय, याचं उत्तर केरळातून आलं. पालियेक्करा नाक्यावरचा टोल उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगित केला आणि सर्वोच्च न्यायालयाने एनएचएआयचं अपील फेटाळलं. पण तो हुकूम कोर्टातून मिळाला होता, नाक्याच्या खिडकीतून नाही.

---

तिऱ्हेकर

सवलतींवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. गावाकडची निम्मी भांडणं यावरच होतात.

नाक्यापासून २० किमीच्या आत राहणाऱ्याच्या बिगरव्यापारी गाडीला मासिक पास मिळतो. २००७-०८ मध्ये १५० रुपये होता, २०२५-२६ ला ३५०. पत्त्याचा पुरावा आणि आरसी लागते. पुढच्या नाक्यापलीकडे तो चालत नाही. आणि मोठी मेख: सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर पास नाकारता येतो.

व्यापारी गाडी नाक्याच्या जिल्ह्यात नोंदलेली असेल आणि राष्ट्रीय परवान्यावर नसेल तर निम्मा दर. यात सोलापूरकरांची गंमत होते. सावळेश्वर आणि वरवडे सोलापूर जिल्ह्यात, तिथे एमएच-१३ चा टेम्पो सवलतीला पात्र. अकलूजचा एमएच-४५ सुद्धा, कारण अट जिल्ह्याची आहे, आरटीओच्या क्रमांकाची नाही. एखाद्याने ४५ बघून नाही म्हटलं तर आरसीवरचा पत्ता दाखवा. तामलवाडी मात्र तुळजापूर तालुक्यात, म्हणजे धाराशिव जिल्हा. शहरापासून हाकेच्या अंतरावर असूनही तिथे सवलत एमएच-२५ ला. सरडेवाडी पुणे जिल्ह्यात गेलं.

ज्यांना पास लागू नाही त्यांच्यासाठी: २४ तासांत परतीचा प्रवास दीडपट दरात, आणि महिन्याला ५० फेऱ्यांचा पास दोन तृतीयांश दरात. वरच्या ७७.०८ च्या उदाहरणात परतीसह ११५ आणि महिन्याचे साधारण २,५७०. फास्टॅग असेल तर परतीची सवलत आपोआप धरली जाते, वेगळी पावती मागायची गरज नाही.

---

उसाची_मोळी

ट्रॅक्टरला टोल नाही हेही लिहा. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर नाक्यावरून फुकट जातो आणि झीज ट्रकसारखी करतो, असं कंपनीची माणसं म्हणतात.

---

डांबरगोळी

अर्धं खरं. आस एकेका ट्रॉलीला वाटलेले असतात, त्यामुळे झीज भाराच्या वाटणीवर ठरते. ट्रॅक्टरमुळे रस्त्यापेक्षा वेगाचं जास्त नुकसान होतं. पंधरा-वीसच्या वेगाने मार्गिका अडली की ट्रक आत घुसतात, आणि मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री काय करते ते वेगळं सांगायला नको. सेवा रस्ता सलग असता तर ट्रॅक्टर वर आलाच नसता. तो सलग का नसतो, याचं उत्तर आकडेमोड देतील.

---

आकडेमोड

देतो. कारण टोल सुरू व्हायला रस्ता शंभर टक्के पूर्ण असावा लागत नाही. जमीन ताब्यात असल्याशिवाय काम सुरू करायला लावता येत नाही, म्हणून नियत तारखेला, म्हणजे करारातलं काम सुरू धरलं जातं त्या दिवशी, साधारण ८० टक्के जागा द्यायची असते. उरलेली जागा, म्हणजे गावठाण, मंदिर, विहीर, कोर्टातला तुकडा, मागे राहते. एकूण लांबीच्या किमान ७५ टक्के काम झालं आणि चाचण्या पार पडल्या की तात्पुरतं पूर्णत्व प्रमाणपत्र मिळतं आणि टोल चालू होतो. बाकीची कामं एका यादीत जातात. सेवा रस्ते, गटारं, बसथांबे, पादचारी पूल हे सगळं नेमकं त्या यादीत सापडतं. टोल चालू झालेला असतो, घाई कुणालाच नसते. ही यादी माहिती अधिकारात मागता येते, आणि 'रस्ता अपूर्ण' असं मोघम निवेदन देण्यापेक्षा तिच्यातला अनुक्रमांक लिहून तक्रार करणं कितीतरी बरं.

आता हॅम. जानेवारी २०१६ पासूनची पद्धत, कारण तोवर बीओटीला बोली लावणारेच संपत आले होते. १,००० कोटींची बोली धरा. ४०० कोटी एनएचएआय काम चालू असताना टप्प्याटप्प्याने देते. ६०० कोटी कंपनी आणते आणि ते तिला १५ वर्षांत ३० सहामाही हप्त्यांत परत मिळतात, उरलेल्या रकमेवर व्याजासह. व्याज आधी बँक दर अधिक ३ टक्के होतं, नंतर पाच मोठ्या बँकांच्या एमसीएलआरची (कर्जाच्या किमान व्याजदराची) सरासरी अधिक १.२५ टक्के असं झालं. ८ टक्के धरलं तर पहिल्या सहामाहीचं व्याजच २४ कोटी. देखभालीचे पैसे वेगळे. टोल? तो एनएचएआय वसूल करते. वसुलीचा ठेका वेगळ्या एजन्सीला असतो, आणि रस्ता बांधणाऱ्याचा त्या गल्ल्याशी संबंध नसतो.

म्हणून अक्कलकोट रस्त्यावर 'ठेकेदाराचा खर्च निघाला, टोल बंद करा' असं आंदोलन केलं तर ते चुकीच्या दारात होईल. ठेकेदाराला एकही गाडी आली नाही तरी हप्ता मिळणार आहे. गाड्या कमी आल्या तर खड्डा सरकारच्या तिजोरीला, म्हणजे पेट्रोलवरच्या उपकराला, म्हणजे फिरून आपल्यालाच.

राज्याच्या बांधकाम खात्याचा हॅम आणखी निराळा. तिथे ६० टक्के कामादरम्यान, ४० टक्के पुढच्या दहा वर्षांत, आणि टोल नाहीच.

---

उजनीकाठ

एक भर. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस हा पायाभूत सुविधांना कर्ज देणारा समूह कोसळला तेव्हा पुणे–सोलापूर रस्त्याच्या आपल्याकडच्या टप्प्याची, म्हणजे वरवडे-सावळेश्वरची कंपनी त्याच समूहातली होती. तरी नाके बंद पडले नाहीत. कारण रस्त्याची कंपनी वेगळी आणि टोल एस्क्रो खात्यात, म्हणजे बँकेच्या देखरेखीखालच्या वेगळ्या खात्यात, जातो. त्या खात्यातून पैसे ठरलेल्या क्रमानेच निघतात: आधी कर, मग देखभाल, मग प्राधिकरणाचं देणं, मग कर्जाचा हप्ता, मग राखीव निधी, आणि सगळ्यात शेवटी मालक. मालक बुडाला तरी तो रांगेत शेवटचाच.

करार मोडला तर? कंपनीच्या चुकीने मोडला तर बँकांना विमा वजा जाता फेडायच्या उरलेल्या कर्जाच्या ९० टक्के मिळतात आणि भांडवल बुडतं. सरकारच्या चुकीने मोडला तर पूर्ण कर्ज आणि वर समायोजित भांडवलाच्या दीडपट. लोकांच्या रेट्यापुढे झुकून टोल बंद करायचा झाला तर बिल या दुसऱ्या कलमाच्या जवळपास जातं. कोल्हापूरच्या शहरांतर्गत रस्त्यांचा टोल एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनाने बंद पाडला, भरपाई राज्याने उचलली. १ जून २०१५ पासून राज्यात १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहने आणि एसटीला माफी मिळाली, तिथेही तेच.

---

शेंगाचटणी

म्हंजे कारवाल्याचा टोल माफ, आन् भरणार सायकलवाला बी. झकास!

---

भुईकोट

शेंगाचटणी, नेमकं बोललात. आता मूळ मुद्द्यावर येऊ. नव्या मार्गाची निविदा आणि करार समोर येतील तेव्हा सोलापूरकरांनी काय काय तपासायचं?

---

आकडेमोड

मी या क्रमाने वाचेन.

अनुदान की प्रीमियम, आणि किती. बाजाराला या रस्त्यावर किती वाहतूक दिसते ते त्या एका आकड्यात कळतं. मग मुदत, लक्ष्य तारीख आणि लक्ष्य वाहतूक. मग स्पर्धक रस्त्याचं कलम: जवळ दुसरा टोलरस्ता झाला तर कंपनीला मुदतवाढ किंवा भरपाई मिळते. आपल्याकडे हे दोन्ही बाजूंनी लागतं. नाशिक, अहिल्यानगरकडून दक्षिणेत जाणारा ट्रक आज काही प्रमाणात जुन्या रस्त्यांनी येतो. तो नव्या मार्गावर गेला तर जुन्या बीओटी रस्त्यांची वाहतूक घटेल, आणि वर सांगितलेल्या दीडपटीच्या हिशेबाने त्यांची मुदत लांबू शकेल. म्हणजे नव्या रस्त्याची किंमत थोडीफार जुन्या नाक्यावरही फेडावी लागेल. या बाजूने फारसं कुणी बोलत नाही.

शेवटी चढ-उताराच्या जागा. प्रवेश-नियंत्रित रस्ता गावाच्या शिवारातून गेला म्हणून गावाला मिळत नाही. इंटरचेंज कुठे, त्याला जोडणारा रस्ता कुणाच्या खर्चाने आणि किती पदरी, हे आराखड्यातच पाहा. करारावर सही झाल्यावर इंटरचेंज वाढवायचा म्हणजे 'कामातील बदल', आणि त्याचं बिल पुन्हा सरकारला.

चालू नाक्यांची माहिती हवी असेल तर एनएचएआयच्या टोल माहिती प्रणालीच्या संकेतस्थळावर नाक्याचं नाव टाका. दर, लांबी, वसुली करणारा कोण, हे तिथे असतं. तक्रारीला १०३३.

---

तिऱ्हेकर

एक शंका राहिली. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास आला. त्या दराने फेरी १५ रुपयांना पडत होती. बीओटी नाक्यावर ७५ च्या जागी १५ घेतले तर उरलेले ६० कंपनी सोडते का?

---

पथकरनामा

कंपनी कशाला सोडेल? करारात दर २००८ च्या नियमांप्रमाणे ठरलेला आहे, तो सरकारने मधेच कमी केला तर फरक सरकारला भरून द्यावा लागतो. पासधारकांच्या फेऱ्यांची नोंद फास्टॅगमध्ये होते आणि त्यावरून एनएचएआयकडे हिशेब जातो. पास फक्त बिगरव्यापारी कार, जीप, व्हॅनला, आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. राज्याच्या नाक्यावर तोच टॅग पूर्ण पैसे कापतो. आणि सावळेश्वर ओलांडून पुढे वरवड्याला गेलात तर दोन फेऱ्या मोजल्या जातात. पुण्याला जाऊन परत आलात तर पाटसपर्यंतचे चार नाके दोनदा, म्हणजे २०० पैकी ८ गेल्या.